पंप डाळीच्या डब्यामागं लपवलाय, वहिनी, घोळ तिथंच आहे

नमस्कार वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. वहिनी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतात, जुनं घर, सासू-सासरे सगळे एकत्र. पोरगी नऊ वर्षांची, चौथीत. दर पावसाळ्यात आणि मग परत थंडीत रात्रीची खोकते, पहाटे तीन-चारला उठून बसते, छाती मांजरासारखी घरघर वाजते. डॉक्टरांनी बाळदमा म्हणून सांगितलं, दोन पंप (इनहेलर) आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लिहून दिला. सासूबाई म्हणाल्या, "पंप एकदा तोंडाला लागला की जन्मात सुटत न्हाई, आणि पोरीच्या जातीला दमा म्हटल्यावर उद्या सोयरीक कोण करणार?" झालं, पंप गेले डाळीच्या डब्यामागं. खोकला आला की जुनंच सिरप. केळं बंद, दही बंद, आईस्क्रीम बंद, आणि शाळेच्या टीममधला फुटबॉलपण बंद. आता वहिनी विचारतायत की ही नुसती ॲलर्जी आहे का खरंच दमा, पंपाची सवय लागते का, ॲलर्जीची ती मोठी रक्ततपासणी करू का, आणि कोजागिरीच्या रात्री दम्यावर दुधातनं देतात ते औषध एकदा देऊन बघू का.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, मी गिऱ्हाईक आहे. सहाव्या वर्षापासून दमा आहे मला, आता पन्नाशी उलटली. त्यामुळं औषध बदला असं मी सांगणार नाही, पण तुमच्या घरात जे चाललंय ते सगळं आमच्याही घरात होऊन गेलंय, तेवढं बोलतो.

ॲलर्जी का दमा, तर तुमच्या पोरीच्या वर्णनावरनं दोन्ही, आणि त्यात नवल काही नाही. नाक आणि फुप्फुस ही एकाच बोळातली दोन घरं आहेत. तुम्ही लिहिलंय की ती सकाळी उठल्या उठल्या आठ-दहा शिंका देते आणि दिवसभर तळहातानं नाक वर चोळत असते. नीट बघा, नाकाच्या शेंड्याच्या जरा वर आडवी बारीक रेघ दिसत असेल. अशी चोळून चोळून रेघ पडलेली बरीच पोरं असतात, घरचे म्हणतात वाईट खोड आहे. खोड नाही ती, नाक खाजतंय तिचं. धूळ, बुरशी, परागकण असलं काही नाकात गेलं की अंगातली यंत्रणा चोर शिरल्यासारखी दंगा करते, तो दंगा नाकात झाला की शिंका आणि खाली नळ्यांत झाला की दमा. म्हणून नाकाकडं दुर्लक्ष करून छाती धड होत नाही. डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे दिला असेल तर तोपण रोज मारायचा, आणि नोझल मधल्या पडद्याकडं न धरता जरा बाहेरच्या बाजूला, कानाकडं रोख धरून मारायचा, नाहीतर घोळणा फुटतो आणि मग घरात परत "बघ औषधानं रक्त आलं" सुरू.

आता दोन पंप कशाला, एक का नाही. दिवाळीच्या आधीचा महाद्वार रोड डोळ्यासमोर आणा. रस्ता तेवढाच आहे, पण दोन्ही बाजूंनी विक्रेते पुढं पुढं सरकत आलेत, मधे गर्दी, माणूस कसाबसा आडवा होऊन जातोय. दम्यात नळीचं तेच होतं, आतनं अस्तर सुजतं, चिकट कफ साठतो, आणि वरनं नळीचे स्नायू आवळले जातात. निळा पंप, दम लागल्यावर घ्यायचा तो, म्हणजे शिट्टी मारणारा पोलीस, पाच-दहा मिनिटांत वाट मोकळी करतो, पण चार-सहा तासांनी तो गेला की परत तेच, कारण विक्रेते जागचे हललेलेच नसतात. दुसरा पंप, जो रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितलाय, तो विक्रेत्यांना हळूहळू मागं सरकवतो, म्हणजे सूजच उतरवतो. त्याला दिवस लागतात, कधी आठवडे, आणि घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही. घरोघरी फसगत होते ती इथंच. ज्यानं लगेच बरं वाटतं त्याला आपण औषध म्हणतो, आणि ज्यानं काही वाटत नाही तो चार दिवसांत बंद करतो. मीपण पंचविशीपर्यंत नुसत्या निळ्यावर काढले दिवस. आता तर गिना म्हणून जगभरच्या दमा तज्ज्ञांची जी संघटना आहे तिनं २०१९ पासून स्पष्टच सांगितलंय की मोठ्यांना आणि बारा वर्षांच्या पुढच्या पोरांना नुसत्या निळ्यावर ठेवायचं नाही, सुजेचं औषध पाहिजेच. (रंग कंपनीगणिक बदलतो, आणि काही डॉक्टर एकच पंप दोन्ही कामाला देतात, म्हणून रंगावर जाऊ नका, दोन्हींवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, "रोजचा" आणि "दम लागल्यावरचा".)

सवयीचं म्हणाल तर चष्मा लावला म्हणून डोळ्याला सवय लागली असं म्हणतो का आपण? औषध बंद केल्यावर त्रास परत येतो कारण दमा तिथंच असतो, पंपानं नशा लागली म्हणून नव्हे. आणि डोस कायमचा तेवढाच राहतो असंही नाही, तीनेक महिने सगळं शांत गेलं की डॉक्टर स्वतःच कमी करत आणतात. फक्त ते त्यांनी करायचं, आपण डब्यामागं टाकून नाही.

आता तुमच्या त्या सिरपचा हिशोब सांगतो, हा सासूबाईंना जरूर वाचून दाखवा. तुम्ही बाटलीवरचं नाव लिहिलं ते बरं केलं. त्या सिरपमध्ये आणि निळ्या पंपात औषध एकच आहे, साल्ब्युटामॉल. सिरपच्या ५ मिलीत, म्हणजे एका चमच्यात, २ मिलिग्रॅम. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा सिरप बरोबर वीस वेळा पंप दाबल्याएवढं औषध! आणि ते पोटात जाणार, रक्तात मिसळणार, सगळ्या अंगभर फिरणार आणि मग थोडंसं छातीत पोचणार. सिरप दिल्यावर हात थरथरतात, छाती धडधडते असं तुम्हीच लिहिलंय ना, ते ह्याचंच. जे सौम्य म्हणून देताय ते जास्त आहे आणि ज्याला कडक म्हणून लपवलंय ते कमी आहे. रोजच्या पंपातल्या स्टेरॉईडचंपण तसंच, मायक्रोग्रॅममध्ये असतं, हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो, आणि अटॅक आल्यावर पोटातनं जी स्टेरॉईडची गोळी द्यावी लागते ती मिलिग्रॅममध्ये. दुष्परिणाम शून्य आहे असं मी म्हणणार नाही, वर्षानुवर्षं घेणाऱ्या पोरांची उंची साधारण एखादा सेंटिमीटर कमी भरते हे अभ्यासात दिसलंय, पण न झोपलेल्या, न जेवलेल्या, सारखी धाप लागणाऱ्या पोराची वाढ त्याहून वाईट खुंटते. आणि पंपानंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. दात घासायच्या आधी पंप असा नेम ठेवला की आपोआप होतं.

अजून एक. रात्रीच्या औषधात मॉन्टेलुकास्ट नावाची ॲलर्जी-दम्याची गोड गोळी असेल तर पोरगी उगाच चिडचिडी झाली का, घाबरी स्वप्नं पडतात का, गप्प गप्प राहते का ह्याच्यावर लक्ष ठेवा. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०२० साली त्या औषधावर ह्याबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. सगळ्यांना होत नाही, पण झालं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

आता पंप घ्यायचा कसा, कारण खरी गोम इथंच. माझी गोष्ट सांगतो, मला पहिला पंप मिळाला तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्यानं दाखवलं नाही, दुकानदारानं दाखवलं नाही, मी आपला तोंड उघडून फुस्स करायचो आणि गिळायचो. तीन वर्षं! तीन वर्षं मी जिभेला औषध लावत होतो आणि लोकांना सांगत होतो की पंपानं काय फरक नाही. मग एका नर्सबाईंनी बघितलं आणि डोक्याला हातच लावला.

तर पोरीला ताठ बसवायचं. टोपण काढून पंप चार-पाच वेळा चांगला हलवायचा, स्पेसरच्या मागच्या भोकात बसवायचा. नऊ वर्षांच्या पोरीला मास्क नको, पुढची नळी दातांत धरून ओठ घट्ट मिटायचे. पंप एकदाच दाबायचा आणि तिनं सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे-सोडायचे. आतली झडप प्रत्येक श्वासाला बारीक टिक वाजते, ते ऐकू आलं पाहिजे. दुसरा पफ असेल तर अर्धा मिनिट थांबून, परत हलवून, परत तेच. दोन एकदम दाबून बचत होत नाही, औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटून बसतं. आठवड्यातनं एकदा स्पेसर भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुचकळून तसाच निथळत ठेवायचा, फडक्यानं पुसायचा नाही, पुसला की प्लास्टिकला करंट धरतो आणि औषध ओढून घेतो.

आणि हे टिक मोजायचं काम आज्जीला द्या. खरंच सांगतोय. तुमच्या सासूबाई वाईट नाहीत हो, त्यांनी त्यांच्या काळात दमेकरी माणसं खाटेवर बसून रात्र काढताना बघितलेली असणार, त्यांच्यासाठी पंप म्हणजे शेवटची पायरी. आमच्या आज्जीचं तेच होतं. त्यांना सांगा की हा पंप कुणा म्हाताऱ्यासाठी निघालेलाच नाही. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी पोरीनं बापाला विचारलं की फवाऱ्याच्या डब्यासारखं माझं औषध का नाही मिळत, आणि त्यातनं १९५६ साली हा पंप बाजारात आला. पोरीनंच मागितलेलं औषध आहे ते. सोयरिकीचं मी काय बोलू, नऊ वर्षांच्या पोरीची सोयरीक हा ह्या वर्षीचा विषय नाही एवढंच म्हणतो, आणि बेकहॅमला दमा आहे हे तुमच्या पेठेतल्या फुटबॉलवाल्या पोरांना विचारा, कुणाचं काय अडलं.

फुटबॉलवरनं आठवलं, तो सुरू करा बघू. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी मंगळवार पेठ तिकडं लोटते आणि त्याच पेठेतली पोरगी खिडकीत बसवून ठेवायची म्हणजे काय. दमा काबूत असेल तर खेळल्यानं दमसास वाढतो, कमी होत नाही. दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग गरम करून मग पळायचं. खेळायच्या आधी निळा पंप घ्यायचा का ते डॉक्टरांना विचारा, बऱ्याच पोरांना सांगतात. सरांना सांगून ठेवा, आणि पंप दप्तरात, बाहेरच्या कप्प्यात, नाव लिहून.

घराकडं येतो. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे जे तुम्ही सहज लिहून गेलात, "झोपायला मात्र तिला आज्जीचीच वाकळ लागते." वहिनी, ती वाकळ धुतली कधी होती? जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर, आत वर्षानुवर्षांची धूळ. एकदा सकाळच्या उन्हाच्या तिरपीत झटकून बघा, काय काय उडतं ते दिसेल. आणि जे दिसत नाही ते म्हणजे धुळीतले किडे, माइट्स, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, आपल्या अंगाच्या झडलेल्या कातडीवर जगतात आणि ओलसर हवा त्यांना फार मानवते. कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट म्हणजे त्यांची दिवाळीच. ॲलर्जी त्यांच्या विष्ठेची असते, आणि पोरगी रात्रभर त्यातच नाक खुपसून झोपते, वर पहाटे तसाही दम जास्त लागतो. वाकळ टाकू नका, आज्जीपण दुखावेल आणि पोरगीपण. साठ अंशाच्या पुढं गरम पाण्यात भिजवून धुवा, कडक उन्हात वाळवा, आणि वर जाड कापडाची धुवायची खोळ शिवा. चादर, उशीचा अभ्रा दर आठवड्याला गरम पाण्यात. गरम पाण्याची तुम्हाला काय कमी, दारात बंब आहे.

पण त्या बंबाचंच काढायचं होतं. पहाटे साडेपाचला शेणी आणि चिपाडं घालून बंब पेटवायचा आणि त्याचा धूर पोरगी झोपते त्याच खिडकीतनं आत, हे तुम्हीच लिहिलंय. बंब बंद करा म्हणायची माझी छाती नाही, सासरे मला कोल्हापुरात फिरू देणार नाहीत, पण जागा बदला, परड्यात न्या, नाहीतर निदान तेवढा वेळ ती खिडकी बंद. देवघरात अगरबत्ती-धूप लावतात तो तुळशीजवळ बाहेर लावता येतो, आत नुसती निरांजन पुरे. डासांची कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. आणि तुमचे साहेब गॅलरीत सिगारेट ओढतात म्हणून घरात धूर येत नाही हा समज त्यांचा त्यांना लखलाभ, शर्टाला वास येतो म्हणजे शर्टाबरोबर तो आत आलाच. हा परिच्छेद त्यांना मोबाईलवर पाठवा, माझं नाव सांगा.

पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, काळे ठिपके पडतात म्हणालात. ती बुरशी आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर गावात किती घरांच्या भिंती अशा झाल्या आपण बघितलंच. वरनं रंग मारून उपयोग नाही, पाणी शिरतं ते बाहेरनं बंद करायला पाहिजे, आणि तोपर्यंत पोरीचं अंथरूण त्या भिंतीपासनं लांब. पावसाळ्यात ओले कपडे झोपायच्या खोलीत दोरीवर वाळत घालता का? सगळेच घालतात, पण ते सगळं पाणी त्याच हवेत जातं. दुसऱ्या खोलीत घाला.

बाकी आपल्याकडच्या वर्षाची जोडणी थोडी बघून ठेवायची. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना मिरच्या भाजायच्या दिवशी पोरगी मामाकडं, आणि डंकावर तिला न्यायचंच नाही, तिथं चांगल्या माणसाला ठसका लागतो. चैत्रात जोतिबाला गुलालाचा नुसता ढग असतो, दर्शन दुसऱ्या कुठल्या रविवारी सकाळी लवकर घ्या, देव तिथंच आहे. गुऱ्हाळं पेटली, उसाचं पाचट जाळायला लागले की थंडीत संध्याकाळचा धूर खाली बसतो, तेव्हा खेळ सकाळी ऊन आल्यावर.

खाण्याचं मात्र मी तुमच्या पोरीच्या बाजूनं आहे. केळं, दही, भात ह्यानं दमा होतो असं काही नाही, एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी त्रास होतोच असं नीट दिसलं तरच तेवढाच बंद करायचा. हां, शेंगदाणा, अंडं असलं काही खाल्ल्यावर थोड्या वेळात अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, उलटी झाली तर ते वेगळं आणि गंभीर, लगेच दाखवायचं. त्या मोठ्या रक्ततपासणीचं पण असंच, शंभर नावांची यादी येते, निम्म्यापुढं खूण असते आणि मग पोराचं जेवण बंद होतं. रक्तात खूण आली म्हणजे ॲलर्जी आहेच असं नसतं. डॉक्टरांना विशिष्ट शंका असेल तर तेवढ्याचीच तपासणी करा. त्याआधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारायची तपासणी, ती ह्या वयाला जमते.

कोजागिरीचं औषध मी घेतलंय, १९८० च्या दशकात, दुधातनं, रात्रभर जागून. चंद्र छान होता. दमा होता तसाच राहिला. श्रद्धेनं दूध पाजायचं तर पाजा पण पंप बंद करून नाही, आणि कुणी बिननावाची पुडी दिली आणि दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला तर जास्त घाबरा, असल्या पुड्यांत स्टेरॉईड कुटून घातलेलं सापडलंय, आणि ते मायक्रोग्रॅममध्ये नसतं.

एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवा. बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, ओठ निळसर पडतात, पोरगी सुस्त होते, किंवा आत्तापर्यंत वाजणारी छाती एकदम गप्प होते आणि दम मात्र तसाच, ह्यातलं काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. ताठ बसवून स्पेसरनं निळा पंप एक-एक करत सुरू करायचा, १०८ ला फोन किंवा सरळ सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी प्रमिलाराजे हॉस्पिटल, नाहीतर जवळचं कुठलंही हॉस्पिटल, वाटेतपण पंप चालू. किती पफ, किती मिनिटांनी, हा आकडा तुमच्या डॉक्टरांकडनं आत्ताच कागदावर लिहून घ्या. अशा वेळी आमच्या घरात लिंबू-मध-सुंठ चाललं होतं, दहावीत असताना, आणि रिक्षात मला बाबांच्या मांडीवर उताणं झोपवलं होतं. झोपवायचं नसतं.

पुढच्या व्हिजिटच्या आधी चार गोष्टी महिनाभर कॅलेंडरवर टिपा: दिवसा आठवड्यातनं दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का, रात्री उठली का, निळा पंप आठवड्यातनं दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, खेळणं-पळणं अडलं का. रात्रीची तर एकसुद्धा खूण नको. डॉक्टरांसमोर "बरी आहे" म्हणण्यापेक्षा हे कॅलेंडर ठेवायचं. आणि दोन्ही पंप, स्पेसर पिशवीत घालून न्या, पोरीला तिथं त्यांच्यासमोर घेऊन दाखवायला सांगा, आणि सासूबाईंनापण घेऊन जा. रिक्षात तिघी आरामात बसता. वाटेत पोरीनं आईस्क्रीम मागितलं तर द्या, बिल माझ्या नावावर.